शेगडी वाढव

माझं काम ऐकण्याचं आहे. एका संस्थेनं फार पूर्वी घरोघर फिरून म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टेपवर घेऊन ठेवलं होतं. मी ते कानाला हेडफोन लावून ऐकते आणि जसंच्या तसं टाइप करते. खोकला आला तर ‘खोकला’ असं लिहायचं, मागे भांडं पडलं तर ‘भांडं पडतं’ असं लिहायचं. मला जुन्या शब्दांची फार आवड आहे म्हणून मी हे करते, असा लोकांचा समज आहे. मला जुन्या शब्दांची अजिबात आवड नाही. मला टाइपिंग येतं, एवढंच.

मी टाइप केलेलं मास्तर तपासतात. निवृत्त शिक्षक, लाल पेन, खिशात आल्याच्या वड्या. माझ्या चुका काढताना त्यांना जो आनंद होतो तो बघून एखाद्याला वाटेल, बक्षीस लागलंय.

त्या दिवशी टेपवर एक बाई होती. तासभर ती घरातल्या वस्तूंबद्दल बोलली. फडताळात काय ठेवायचं, घडवंचीवर काय, पाहुण्याची वळकटी कुठे उलगडायची. शेवटी दमली. “पुरे आता,” म्हणाली, आणि तोंड वळवून घरातल्या कुणाला तरी म्हणाली, “दिवा वाढव गं.” पावलं वाजली, बटण खट्‌ झालं, टेप संपली. मी नियमाप्रमाणे खाली लिहिलं, ‘कुणीतरी आणखी एक दिवा लावतं.’

दुपारी मास्तर कागद घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आले. म्हणजे चूक चांगलीच रसाळ होती.

“बाई, दिवा लावला नाही. घालवला,” ते म्हणाले.

मी म्हटलं, ती तर वाढव म्हणाली. मास्तर खूश झाले. विझव म्हणायचं नाही, अशुभ, म्हणून वाढव म्हणायचं, त्यांनी समजावलं. दिवा वाढवायचा, संध्याकाळी दुकान वाढवायचं, बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. उलटं नाव घेतलं की वाईट गोष्ट घरात शिरत नाही, असा त्यामागचा भाबडा हिशेब. आता हे कुणाला ठाऊक नाही, म्हणाले, आता वाढवणं म्हणजे फक्त वाढवणं.

“आणि शेगडी?” मी विचारलं.

“शेगडीचं काय?”

“शेगडी वाढव म्हणजे?”

“दिवा काय नि शेगडी काय, विस्तव तो विस्तव. वाढव म्हणजे शांत कर.”

मला आल्याची वडी देऊन ते निघून गेले. मी ती हातात धरून बसले. ती विरघळून बोटं चिकट झाली तरी मला कळलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी मी एका बाईला मारलं, हे मला तेव्हा, त्या खुर्चीत, दिवसाढवळ्या कळलं.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलत भावाची बायको. लांबच्या गावी राहायच्या, आम्ही त्यांना दोन-तीनदाच पाहिलेलं. काका गेल्यावर त्या त्यांच्या एकुलत्या मुलाकडे, दादाकडे आल्या. दादा माझ्याहून वीस-एकवीस वर्षांनी मोठा. कारखान्यात नुकताच साहेब झालेला, मुलं चांगल्या शाळेत. आणि काकू त्या मुलांना म्हणायच्या, फडताळातलं तसराळं आण. मुलं शाळेत तसंच बोलायची आणि वर्ग हसायचा. एक दिवस दादा चिडून म्हणाला, पोरांसमोर तुझं हे बोलणं बंद कर, नाहीतर बोलूच नकोस. काकूंनी शब्दाला शब्द दिला नाही. ट्रंक भरली आणि थंडीचे दोन महिने काढते म्हणून आमच्याकडे आल्या. येताना आपली कोळशाची लोखंडी शेगडी घेऊन आल्या.

मी एकोणीस वर्षांची होते. टाइपिंगची परीक्षा द्यायची होती, त्यामुळे घरभर बोटं आपटत फिरायचे. काकूंना आम्ही मागची खोली दिली. त्या वाईट बोलत नव्हत्या कुणाला, चांगलंही फारसं नाही. पण तोंड उघडलं की असा एखादा शब्द पडायचा की मी आणि आई स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून हसायचो. मी कॅलेंडरच्या पाठीवर त्यांच्या शब्दांची यादी केली होती, घरी आलेल्यांना वाचून दाखवायला. अर्थ मात्र एकाचाही विचारला नाही. हसायला अर्थ लागत नाही.

काका गेल्यावरही त्या हातात एकेक काचेची बांगडी ठेवायच्या. एकदा न्हाणीतून बाहेर येऊन म्हणाल्या, बांगडी वाढली गं. आम्हाला वाटलं, मनगट बारीक झालंय म्हणून सैल झाली. आईनं त्यांना दूध जास्त द्यायला सुरुवात केली. रोज जेवणं झाली की बाबांना म्हणायच्या, दिवा वाढव रे. त्यांच्या खोलीचं बटण बाहेर बोळात होतं. बाबांनी चाळीसचा बल्ब काढून साठचा लावला. दुसऱ्या आठवड्यातही तेच ऐकल्यावर शंभरचा आणला आणि म्हणाले, वहिनींची नजर फारच गेलेली दिसते. त्या लख्ख उजेडात त्या तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहायच्या, आई झोपायला जाताना बटण बंद करेपर्यंत. काही बोलल्या नाहीत. बोलणं बंद कर हे त्यांना मुलानंच सांगितलं होतं, मग परक्या घरात कशाला बोलतील?

हे सगळं मला आत्ता कळतं. तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात गॅस होता. गॅस वाढव, गॅस कमी कर. विस्तवाचं वाढणं म्हणजे आम्हाला तेवढंच माहीत.

सहाव्या आठवड्यात त्यांना ताप आला. आई-बाबा कामावर, मी घरात. दुपारी एकच्या सुमाराला मी क्लासला निघाले आणि त्यांच्या खोलीत डोकावले. पलंगाजवळ शेगडी होती, निखारे अर्धे उरले होते, खिडकी जराशी उघडी. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

“शेगडी वाढव पोरी,” त्या म्हणाल्या, “आणि दार ओढून घे. गार वारं येतंय.”

मी मनापासून केलं. हे लिहिताना माझा मलाच राग येतो, पण खरंच मनापासून केलं. चिमट्यानं एकेक कोळसा रचला, पाटीतले होते तेवढे सगळे, आणि लाल होईपर्यंत पुठ्ठ्यानं वारा घातला. चिमट्याचा आवाज त्या ऐकत असणार. विझवायचे असले तरी निखारे चिमट्यानंच उचलतात, त्यांना वाटलं असेल मी तेच करतेय. मग मी खिडकी लावली. ती नीट बसत नसे, फटीतून वारा यायचा. मी वर्तमानपत्राच्या घड्या करून त्या फटीत ठासून बसवल्या. दार ओढलं. माझ्या कामावर खूश होऊन गेले.

पाच वाजता आईनं दार उघडलं.

डॉक्टर म्हणाले, कोळशाचा धूर, झोपेतच गेल्या. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बैठकीच्या खोलीत सगळे बसले होते आणि मला विचारलं की काय झालं. मी म्हटलं, काकूंनी शेगडी वाढवायला सांगितली, मी वाढवली, दार ओढलं आणि गेले. दादानं माझ्याकडे पाहिलं.

“नक्की वाढवलीस?” त्यानं विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “नक्की.”

तेवढ्यात आई रडत म्हणाली की खिडकीच्या फटीत कागद कोंबलेले होते, तिनं स्वतःच्या हातानं उपसून काढले. कोणी कोंबले हे तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. जीभ टाळूला चिकटली म्हणतात तशी चिकटली, आणि एकदा चिकटली ती एकतीस वर्षं.

दादा त्यानंतर आमच्याकडे आला नाही. लग्नाकार्यात भेटला तर मला बरी आहेस ना एवढं विचारायचा. स्वतःच्या आईचं नाव त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. त्याच्या घरात काकांचा फोटो होता, काकूंचा नव्हता. मी समजून चुकले होते की तो मला दोष देतो आणि चांगला माणूस आहे म्हणून बोलत नाही. बाकी घरानं दोष काकूंवर टाकला. हट्टी बाई, बंद खोलीत एवढी शेगडी वाढवायला सांगायची का, वय झालं की अक्कल जाते. मीसुद्धा हेच म्हणायचे. जरा जास्तच मोठ्यानं म्हणायचे.

मास्तरांनी अर्थ सांगितला त्या दिवसापासून काकू माझ्याकडे राहायला आल्या. पलंगाच्या कडेला उभ्या वगैरे राहिल्या नाहीत. तसं झालं असतं तर कुणाला सांगता तरी आलं असतं. त्या शब्दात आल्या. लेक टीव्हीसमोरून ओरडायची, आई, आवाज वाढव, आणि माझा हात रिमोटवर तसाच थांबायचा. रिक्षावाला म्हणाला, बाई, भाडं वाढवलंय. डॉक्टर म्हणाले, प्रेशरची गोळी वाढवू या. प्रत्येक वेळी तो शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून निघायचा आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर काकूंचा होऊन यायचा, तापानं जड झालेला, भिंतीकडे तोंड करून बोललेला. दिवसाला हा शब्द किती वेळा बोलला जातो याची कुणाला कल्पना नसेल. मी मोजलंय. रविवारी बारा, कामाच्या दिवशी तीस-चाळीस.

ऑफिसात मला भर दुपारी कोळशाचा वास यायला लागला. मी शिपायाला दोनदा वायरी तपासायला लावल्या. तो म्हणाला, बाई, तुम्हाला सर्दी झालीय. ती टेप परत देऊन टाकायची सोडून मी रोज काढायचे आणि शेवटचं अर्धं मिनिट ऐकायचे. आधी ती बाई परकी होती. मग आवाजाची ठेवण ओळखीची वाटायला लागली. एका मंगळवारी मी ऐकलं तर ती दिवा म्हणालीच नाही. “शेगडी वाढव पोरी,” म्हणाली. मी हेडफोन काढून मास्तरांच्या कानाला लावले. त्यांनी ऐकलं, मान हलवली, म्हणाले, दिवाच आहे, स्पष्ट आहे. मी पुन्हा लावले. मला शेगडीच ऐकू आली. मास्तरांनी त्या दिवशी माझी एकही चूक काढली नाही, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते मी ओळखलं.

शेवटी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, “आई, तू एकोणीस वर्षांची होतीस. तुला अर्थ माहीत नव्हता. आता कशाला उकरून काढतेस?” हे खरं होतं आणि काडीच्या उपयोगाचं नव्हतं. शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता, पण कागद कोणी कोंबले ते तर माहीत होतं. लेकीलासुद्धा मी कागदांचं सांगितलं नाही. तेव्हाच ठरवलं, दादाकडे जायचं. तो एकाहत्तर वर्षांचा झालाय, हृदयाची दोन दुखणी झालीत. राहिलं तर कायमचं राहील.

तो आता मुलाकडे राहतो, तिसऱ्या मजल्यावर. सुनेनं दार उघडलं, पाणी दिलं आणि आम्ही बोलत बसलोय बघून आत इस्त्री करायला गेली. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत होता. खूप उतरला होता. घरच्या सगळ्यांची चौकशी करून झाली तेव्हा मी म्हटलं, दादा, मला काकूंबद्दल बोलायचंय. त्याचा चेहरा दार लावून घ्यावं तसा झाला.

“नको,” तो म्हणाला.

मी थांबले असते. पण एवढे जिने चढून आले होते. मी भडाभडा बोलायला लागले. टेपवरची बाई, मास्तर, वाढवणं म्हणजे विझवणं, हे मला कालपरवा कळलं. दार लावून झोपायचं म्हणून काकूंनी शेगडी विझवायला सांगितली होती. त्या हट्टी नव्हत्या, त्यांची अक्कल गेली नव्हती. चूक माझी. मी विझवली नाही.

दादा खुर्चीत पुढे सरकला.

“काय केलं नाहीस?”

“विझवली नाही. मी मोठी केली. पाटीतले सगळे कोळसे घातले.”

“तू म्हणालीस वाढवली.” त्याचा आवाज एकदम खाली गेला. “मी तुला विचारलं होतं. नक्की वाढवलीस का. तू म्हणालीस, नक्की.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं. दादा काकूंचा मुलगा. त्यांच्या घरात दिवे वाढवतच तो लहानाचा मोठा झाला होता. त्या दिवशी बैठकीच्या खोलीत तो शब्द समजणारा तो एकटाच होता. मी वाढवली म्हटलं, सगळ्यांनी ऐकलं की मोठी केली. त्यानं ऐकलं की विझवली.

“मग ती पेटली कशी, हे मला कोणी सांगेना,” तो म्हणाला. हळूहळू बोलत होता, मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. “पोरगी शेगडी विझवून गेली. पाच वाजता कोळशाची राख सापडली. मधे खोलीत दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे तिनंच उठून परत पेटवली. अंगात ताप असताना उठून कोळसे भरले. का भरले, हे मला वेगळं सांगायला नको होतं. मी तिला म्हटलं होतं, बोलूच नकोस.”

आत इस्त्रीची वाफ फुसफुसत होती. एकतीस वर्षं हा माणूस माझ्या एका शब्दावर जगत आला होता, आणि मी समजत होते की तो माझ्यावर रुसलाय.

“पण कागद,” दादा म्हणाला. त्यानं खुर्चीचे हात धरले. “फटीत कागद होते. तुझी आई म्हणाली होती. शेगडीचं तुझं चुकलं असेल. कागद तिनंच लावले ना?”

मला तेव्हा पळून जाता आलं असतं. हो, त्यांनीच लावले असतील, वारा लागत असेल म्हणून, एवढं म्हटलं की माझी अर्धी चूक वाचत होती. अर्धी चूक माणूस सोसू शकतो.

“कागदही मीच लावले,” मी म्हटलं. “तुम्ही आलात तेव्हा मला भीती वाटली. म्हणून बोलले नाही.”

“ती उठली नव्हती?”

“नाही.”

“तू गेलीस तेव्हा काय करत होती?”

“झोपत होत्या. भिंतीकडे तोंड होतं. गार वारं येतंय म्हणाल्या, दार ओढून घे म्हणाल्या.”

“आणखी काय म्हणाली? माझ्याबद्दल?”

मी आठवून पाहिलं. खोटं सांगावंसं फार वाटलं. तुमची आठवण काढत होत्या, असं म्हटलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं? पण त्या घरात माझ्या तोंडून आता एकही शब्द चुकीचा जायला नको होता.

“काहीच नाही,” मी म्हटलं. “त्यांना झोप आली होती.”

दादानं मान हलवली. पुन्हा विचारलं, उठली नव्हती ना? मी म्हटलं, नाही. थोड्या वेळानं परत विचारलं. असं त्यानं पाच-सहा वेळा विचारलं असेल, आणि प्रत्येक वेळी मी नाही म्हटलं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या खांद्यांवरून काहीतरी खाली उतरत गेलं. मग तो रडायला लागला. सून इस्त्री टाकून धावत आली, तिला वाटलं छातीत दुखतंय. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणीतरी चोर आहे. दादानं तिला हातानं थांबवलं. तिला म्हणाला, “आई मला सोडून गेली नव्हती गं.” एकाहत्तर वर्षांचा माणूस, सुनेला सांगत होता.

तिला काही उमगलं नाही. ती पाणी आणायला गेली.

मी उठून उभी राहिले. वाटलं, आता तो मला काहीतरी बोलेल. निघून जा म्हणेल, तोंड दाखवू नकोस म्हणेल. मी ते ऐकायलाच आले होते म्हटलं तरी चालेल. त्यानं डोळे पुसले आणि मला बस म्हणाला. माझ्यावर रागावला नव्हता, आणि ते मला सोसवेना.

“एकतीस वर्षं मी तिच्यावर राग धरला,” दादा म्हणाला. “फोटो काढून टाकला. पोरांना तिचं नाव घेऊ दिलं नाही. का गेलीस अशी, म्हणून रोज मनातल्या मनात भांडलो तिच्याशी. आणि ती बिचारी नुसती झोपली होती.” त्यानं माझा हात धरला. “आता मला सांग, माफी मागायची तर कुठे जाऊन मागू?”

मलाही त्याला तेच विचारायचं होतं.